थकलेले मूल आणि शक्तीची बाटली

साथ ओसरली म्हणजे तिच्याविषयीचे बोलणेही ओसरते. भीतीचे दिवस मागे पडतात, शाळा उघडतात, आठवड्याचा बाजार पूर्ववत भरू लागतो आणि जे घडले ते एकदाचे संपले, असे समाज धरून चालतो. परंतु रोग शरीरातून जाताना दर वेळी सगळाच्या सगळा निघून जातो असे नाही. कोविडच्या बाबतीत हा अनुभव जगभर आला. जागतिक आरोग्य संघटनेने ५ मे २०२३ रोजी कोविडची जागतिक आणीबाणी संपल्याचे जाहीर केले. आणि त्याच्या तीनच महिने आधी, फेब्रुवारी २०२३ मध्ये, याच संघटनेला मुलांमधील दीर्घ कोविडची व्याख्या प्रसिद्ध करावी लागली होती. एक प्रकरण मिटत असता दुसरे उघडले गेले, ते असे.

ही व्याख्या सोपी आहे. मुलाला कोविड झाला, किंवा झाला असावा असे मानण्यास जागा आहे. त्यानंतर तीन महिन्यांच्या आत काही तक्रारी सुरू झाल्या. आणि त्या निदान दोन महिने टिकून राहिल्या, तर ते दीर्घ कोविड समजावे. थकवा, वास न येणे किंवा विपरीत येणे आणि जिवाला लागून राहिलेली धास्ती या तीन तक्रारी मुलांत विशेष आढळल्या. अमेरिकेत 'रिकव्हर' या नावाने मोठा अभ्यास चालला आहे. त्यातून २०२४ मध्ये आणखी एक गोष्ट पुढे आली, ती ही की, वयाप्रमाणे दुखण्याचे रूप बदलते. सहा ते अकरा वर्षांच्या मुलांत पोटदुखी, डोकेदुखी, झोपेची मोड आणि लक्ष न लागणे हे अधिक. तर बारा ते सतरा वर्षांच्या मुलांत थकवा, अंगदुखी आणि वास-चव हरपणे हे अधिक. दिलाशाची गोष्ट अशी की, बहुतेक मुले काही महिन्यांत आपोआप सावरतात. परंतु जी सावरत नाहीत त्यांच्या घरी काळजीचा मुक्काम पडतो. आणि जेथे काळजी असते, तेथे तिच्यावरचा उतारा म्हणून विकली जाणारी वस्तूही हजर असते.

सातपुड्याच्या दक्षिणेस, नागपूरहून छिंदवाड्याकडे जाणाऱ्या मार्गावर, सौंसरजवळ रामाकोना हे गाव आहे. १९५६ साली राज्यांची पुनर्रचना झाली तेव्हा हा मराठी बोलणारा मुलूख मध्य प्रदेशातच राहिला. ऑक्टोबर २०२३ मध्ये तो छिंदवाड्यातून निघून नव्या पांढुर्णा जिल्ह्यात आला. राज्य भोपाळचे, परंतु दुखणे बळावले की वाट नागपूरची, असा या भागाचा जुना रिवाज आहे. संत्र्याच्या बागा, कापूस, तूर आणि ज्वारी यांवर येथील घरे चालतात. २०२१ च्या उन्हाळ्यातील दुसरी लाट अशा गावांतूनही गेली. त्या वेळी खाटा आणि प्राणवायू यांचीच एवढी ओढाताण होती की, चार दिवस ताप येऊन उतरलेल्या मुलाची तपासणी करण्यास कोणास सवड होती? तथापि भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेने त्याच वर्षी जून-जुलैमध्ये रक्ताची देशव्यापी पाहणी केली, तेव्हा सहा ते नऊ वर्षांच्या मुलांपैकी ५७ टक्क्यांच्या आणि दहा ते सतरा वर्षांच्या मुलांपैकी ६१ टक्क्यांच्या रक्तात कोविडची प्रतिपिंडे सापडली. मुलांना त्या वेळी लस मिळू लागलेली नव्हती. अर्थात ही खूण प्रत्यक्ष रोगाचीच होती. सर्व वयांचा मिळून हिशेब पाहता मध्य प्रदेशाचा आकडा ७९ टक्के, म्हणजे त्या पाहणीत सर्वांत मोठा होता. त्यानंतर आलेल्या लाटा वेगळ्याच. तात्पर्य, ज्यांच्याजवळ तपासणीचा कागद नाही, पण ज्यांना कोविड होऊन गेला, अशी मुले गावोगाव आहेत.

अशा गावातील दहा वर्षांच्या एखाद्या मुलाचे उदाहरण घेऊ. पूर्वी ते शाळा सुटल्यावर बागेत धावत असे. आता शाळेतून आले की निजते. धडा वाचते, पण वाचलेले राहत नाही. एखाद्या दिवशी बरे वाटले म्हणून मनसोक्त खेळते आणि त्यानंतरचे दोन दिवस अंथरुणातून उठत नाही. मास्तर म्हणतात, अभ्यास नको म्हणून बहाणा करते. आजी म्हणते, दृष्ट लागली. शेजारी म्हणतात, मोबाइल काढून घ्या. आईला मात्र ठाऊक असते की, मूल लबाडी करीत नाही. मग ती बाजाराच्या दिवशी औषधाच्या दुकानी उभी राहते आणि 'लेकराला ताकदीचे काही द्या' म्हणून मागते. दुकानदार एक बाटली पुढे करतो. तिच्यावर हसऱ्या, गुटगुटीत मुलाचे चित्र असते आणि जीवनसत्त्वे, जस्त, लोह, प्रथिने यांची लांबलचक यादी असते. आई ती विकत घेते. तिच्या या कृतीला कोणी अडाणीपणा म्हणू नये. ज्या मुलाच्या दुखण्यावर कोणी विश्वास ठेवीत नव्हते, त्याच्यासाठी काही तरी करणारी ती एकटीच होती. विचारावयाचे ते एवढेच की, त्या बाटलीने मुलाचे काय होईल?

या प्रश्नाचे उत्तर शोधताना प्रथम संत्र्याचीच एक जुनी हकिकत पाहणे उपयोगाचे ठरेल. १७४७ साली जेम्स लिंड नावाचा एक स्कॉटिश शल्यवैद्य 'सॅलिसबरी' या इंग्रजी युद्धनौकेवर होता. महिनोन्महिने समुद्रावर राहणाऱ्या खलाशांना स्कर्व्ही होई. हिरड्या सडत, जुन्या जखमा उघडत, माणसे गळून जात. लिंडने असे बारा रोगी निवडले आणि दोघादोघांच्या सहा जोड्या करून प्रत्येक जोडीस निरनिराळा उपाय दिला. कोणास सफरचंदाची दारू, कोणास शिर्का, कोणास समुद्राचे पाणी. एका जोडीस रोज दोन संत्री आणि एक लिंबू दिले. सहा दिवसांत त्या दोघांपैकी एक कामावर जाण्याइतका बरा झाला आणि दुसरा इतर रोग्यांची शुश्रूषा करू लागला. बाकीच्या जोड्यांत असा गुण कोणास आला नाही. संत्र्यात जे होते, तेच त्या शरीरात नव्हते, म्हणून संत्र्याने चमत्कार केला. आज त्यास क जीवनसत्त्व म्हणतात.

दुसरी हकिकत पहिल्या महायुद्धानंतरच्या व्हिएन्नाची. उपासमारीने गांजलेल्या त्या शहरात मुलांची हाडे मऊ पडून पाय वाकत होते. हॅरिएट चिक या इंग्रज विदुषीने आणि तिच्या सहकाऱ्यांनी १९१९ ते १९२२ या काळात तेथील बालरुग्णालयात काम करून दाखवून दिले की, माशाच्या यकृताचे तेल किंवा निव्वळ ऊन, दोहोंपैकी काहीही दिले तरी हा मुडदूस बरा होतो. येथेही कारण तेच होते. ड जीवनसत्त्व शरीरात नव्हते. ते बाटलीतून आले काय किंवा उन्हातून आले काय, उणीव भरली आणि रोग हटला.

या दोन्ही हकिकतींतून निघणारा नियम एकच आहे. पूरक पौष्टिक उणीव भरून काढते. जेथे उणीव नाही तेथे ते काहीही करीत नाही, आणि मात्रा वाढली तर अपाय करते. विहीर आटली असता तीत पाणी सोडण्यास अर्थ आहे. मोट मोडली असेल तर विहिरीत कितीही पाणी ओतले तरी शेत भिजत नाही. दीर्घ कोविडाच्या मुलापुढे म्हणूनच पहिला प्रश्न असा की, त्याची विहीर आटली आहे, की मोट मोडली आहे, की दोन्ही?

कोविडवर जीवनसत्त्वांचा मारा करून पाहण्याचे प्रयोग थोडेथोडके झाले नाहीत. अमेरिकेत २१४ प्रौढ रोग्यांना मोठ्या मात्रेत जस्त, क जीवनसत्त्व, दोन्ही किंवा काहीच नाही, असे विभागून दिले गेले. लाभ होण्याचे चिन्ह दिसेना म्हणून तो प्रयोग मध्येच थांबवावा लागला आणि त्याचा निष्कर्ष फेब्रुवारी २०२१ मध्ये प्रसिद्ध झाला. नॉर्वेत सुमारे ३४ हजार प्रौढांना हिवाळाभर माशाच्या यकृताचे तेल किंवा त्यासारखे दिसणारे साधे तेल दिले. कोविड होण्याचे प्रमाण दोन्ही गटांत सारखेच राहिले. इंग्लंडात ड जीवनसत्त्व देऊन पाहिले, तेथेही संरक्षण मिळाल्याचे दिसले नाही. हे झाले रोग टाळण्याचे किंवा ताज्या रोगाचे प्रयोग. मागाहून रेंगाळणाऱ्या तक्रारींसाठी डेन्मार्कमध्ये सुमारे १२० प्रौढांना को-एन्झाइम क्यू-१० हे द्रव्य दिले गेले. ते नुसत्या फसव्या गोळीहून सरस ठरले नाही. इटलीत ४६ प्रौढांना एल-आर्जिनिन हे अमिनो आम्ल क जीवनसत्त्वासह महिनाभर दिल्यावर चालण्याची शक्ती वाढल्याचे आढळले. हाँगकाँगमध्ये ४६३ जणांना आतड्यास हितकर अशा जंतूंचे मिश्रण सहा महिने दिल्यावर थकवा, विस्मरण इत्यादी तक्रारी कमी झाल्या. हे शेवटचे दोन प्रयोग आशा उत्पन्न करणारे आहेत. परंतु ते प्रौढांवर झाले, आणि त्यांतले एक तर फारच थोड्या माणसांवर. प्रौढाचा निष्कर्ष मुलास लावणे म्हणजे बापाचा सदरा लेकराच्या अंगात घालणे होय. ब्रिटनची शासकीय मार्गदर्शिका म्हणूनच स्पष्ट सांगते की, दुकानात मिळणारी जीवनसत्त्वे व पूरके दीर्घ कोविडात हितकर आहेत, अहितकर आहेत की निरुपयोगी आहेत, हे ठरलेले नाही. ज्या बाटलीचा विक्रेता ते ठरले आहे असे म्हणतो, तो शास्त्राच्या पुढे धावतो आहे.

येथेच थांबून 'पौष्टिके म्हणजे थोतांड' असा निकाल देणे सोपे आहे; परंतु तो निकाल लंडनच्या मुलास कदाचित चालेल, सातपुड्याच्या पायथ्याच्या मुलास चालणार नाही. कारण येथे उणीव खरी आहे आणि ती कोविडच्याही आधीची आहे. २०१६ ते २०१८ या काळात देशातील मुलांच्या पोषणाची सर्वंकष पाहणी झाली. तीत पाच ते नऊ वर्षांच्या मुलांपैकी २४ टक्के आणि दहा ते एकोणीस वर्षांच्या मुलांपैकी २८ टक्के रक्तक्षयी आढळली. पौगंडावस्थेतील मुलांपैकी ३१ टक्क्यांत ब-१२ जीवनसत्त्वाची, ३२ टक्क्यांत जस्ताची आणि २४ टक्क्यांत ड जीवनसत्त्वाची कमतरता होती. पाच वर्षांखालील मुलांची स्थिती याहून वाईट आहे. २०१९ ते २०२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत त्या वयोगटातील रक्तक्षयाचे प्रमाण मध्य प्रदेशात ७२ टक्क्यांहून अधिक निघाले.

आता ज्याच्या रक्तात लोह कमी, ते मूल थकणारच. ज्याचे ब-१२ कमी, त्याचे लक्ष लागणार नाही, हातापायांना मुंग्या येतील. ज्याचे ड जीवनसत्त्व कमी, त्याचे पाय दुखतील. हीच तर दीर्घ कोविडचीही लक्षणे. एकाच मुलात दोन्ही एकत्र असू शकतात, आणि त्यांपैकी एकाची दवा हाताशी असते. म्हणून रामाकोन्याच्या आईने दुकानात जाण्यापूर्वी मुलास सौंसरच्या सरकारी रुग्णालयात नेऊन रक्त तपासून घ्यावे. हिमोग्लोबिन ही पहिली तपासणी. पाच ते अकरा वर्षांच्या मुलाचे हिमोग्लोबिन साडेअकराच्या खाली असेल तर रक्तक्षय समजतात. गरजेप्रमाणे पुढे ब-१२ व ड जीवनसत्त्वाची तपासणी करता येते. एका तपासणीच्या खर्चात बाटल्यांचा वर्षभराचा खर्च वाचू शकतो.

या भागात आणखी एका तपासणीस चुकवून चालणार नाही, आणि ती म्हणजे सिकलसेलची. सातपुड्यातील आदिवासी समाजांत आणि विदर्भातील अनेक जातींत हा आनुवंशिक रक्तविकार आहे. त्यातही मूल थकते, सांधे दुखतात, डोळे पिवळे दिसतात. याचा रक्तक्षय रक्तपेशी फुटल्यामुळे होतो, लोह कमी पडल्यामुळे नव्हे. म्हणून अशा मुलास तपासणीवाचून लोहाच्या बाटल्या पाजणे चुकीचे आहे. १ जुलै २०२३ रोजी मध्य प्रदेशातल्याच शहडोल येथून सिकलसेल निर्मूलनाची राष्ट्रीय मोहीम सुरू झाली असून सरकारी केंद्रांत ही तपासणी विनामूल्य होते. मूल रोडावत असेल, सायंकाळी ताप व खोकला असेल तर क्षयाचा, आणि तहान व लघवी फार वाढली असेल तर मधुमेहाचा विचार डॉक्टरांस करावा लागतो. सगळ्याच थकव्यावर कोविडचे नाव लावून मोकळे झाले तर हे रोग लपून बसतात.

उणीव सापडली म्हणजे पूरक पौष्टिक हे खरे औषध होते. मग त्यास बाटलीवरील चित्राची गरज उरत नाही. शासनाच्या रक्तक्षय निर्मूलनाच्या योजनेत पाच ते नऊ वर्षांच्या मुलास आठवड्यास एक गुलाबी गोळी, जीत ४५ मिलिग्रॅम लोह असते, आणि दहा ते एकोणीस वर्षांच्या मुलास आठवड्यास एक निळी गोळी, जीत ६० मिलिग्रॅम लोह असते, फुकट देतात. या गोळ्या मुख्यतः रक्तक्षय होऊ नये म्हणून आहेत. झालेला रक्तक्षय हटविण्यासाठी डॉक्टर मुलाच्या वजनावरून रोजची मात्रा ठरवून देतात आणि हिमोग्लोबिन वर आल्यावरही शरीराची शिल्लक भरावी म्हणून ती काही आठवडे चालू ठेवतात. गोळी जेवणानंतर, लिंबाच्या पाण्याबरोबर घ्यावी. चहा किंवा दूध यांबरोबर घेतल्यास लोह अंगी लागत नाही. शौचास काळे होते, त्याने घाबरू नये. पोटात जंत असतील तर खाल्लेले लोह त्यांच्याच कामी येते; म्हणून वर्षातून दोनदा शाळेत व अंगणवाडीत मिळणारी जंतनाशक गोळी चुकवू नये.

अधिक म्हणजे अधिक चांगले, हा समज येथे घातक ठरतो. कोविडच्या दिवसांत मोठ्यांना सर्रास दिली गेलेली ५० मिलिग्रॅम जस्ताची गोळी अनेक घरांत अजून पडून असेल. चार ते आठ वर्षांच्या मुलाची जस्ताची कमाल सुरक्षित मर्यादा दिवसास १२ मिलिग्रॅम आहे. जस्त दीर्घकाळ जास्त गेले तर शरीरातील तांबे घटते आणि रक्तक्षय उलट वाढतो. ड जीवनसत्त्वाची ६०,००० एककांची पूड मोठ्या माणसास साधारणतः आठवड्यातून एकदा देतात. ती चुकून रोज दिली गेली तर रक्तात चुना वाढतो, मुलास उलट्या होतात, तहान लागते आणि मूत्रपिंडांस इजा होते. लोहाच्या गोळ्या मिठाईसारख्या दिसतात. धाकट्या भावंडाने मूठभर खाल्ल्या तर जिवावर बेतते. त्या कुलपात असाव्यात. आणि दोन-तीन बाटल्या एकाच वेळी चालू असतील, तर तेच द्रव्य प्रत्येकीतून जात असते, हे ध्यानात घ्यावे.

बाटली मुळात निरुपद्रवी असते, हा विश्वासही याच मुलखाने अत्यंत दुःखद रीतीने गमावला. २०२५ च्या सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये छिंदवाडा जिल्ह्यातील परासिया भागात साध्या सर्दी-तापासाठी खोकल्याचे एक सिरप दिले गेलेल्या मुलांची मूत्रपिंडे निकामी झाली. त्यांना नागपूरच्या रुग्णालयांत धावपळीने आणले गेले. वीसहून अधिक मुले दगावली. तपासणीत त्या सिरपमध्ये डायएथिलिन ग्लायकॉल हे विष ४८.६ टक्के निघाले. चालू शकणारी मर्यादा ०.१ टक्का आहे. ते सिरप औषध होते, पौष्टिक नव्हे, हे खरे. परंतु गोड, पातळ द्रवात घोळून मुलास पाजण्याचा प्रकार दोहोंतही सारखाच आहे. आणि जी वस्तू मुलास लागतच नाही ती पाजण्यात लाभ शून्य असल्याने अल्प धोकाही भारी पडतो. पूरक पौष्टिके कायद्याने अन्नाच्या सदरात मोडतात, औषधाच्या नव्हे. त्यांच्या वेष्टनावर 'औषधी उपयोगासाठी नाही' असे छापणे बंधनकारक आहे आणि रोग बरा करण्याचा दावा करण्यास त्यांना मनाई आहे. हे छापील वाक्य बारीक अक्षरात असते. ते चित्राच्या आधी वाचावे.

मग उणीव मोठी नसेल, किंवा भरून निघाली असेल, तर मुलास द्यावे काय? याचे उत्तर रामाकोन्याच्या परिसरात दुकानापेक्षा शेतात व घरात अधिक आहे. ज्वारीची भाकर आणि तुरीचे वरण एकत्र आले म्हणजे प्रथिनांतील एकाचा उणेपणा दुसऱ्याने भरतो. भुईमुगाचे दाणे, फुटाणे, तीळ आणि गूळ ही मुलाच्या खिशात मावणारी न्याहारी. जवसाची चटणी या भागात घरोघर होते. माशाच्या तेलाच्या महागड्या गोळ्यांतील स्निग्धाम्लाचा वनस्पतींतील भाऊबंद त्या जवसात विपुल असतो. अंबाडी, चवळी, शेवग्याचा पाला या भाज्यांत लोह आहे. परंतु पालेभाजीतील लोह शरीर नाखुशीने घेते, त्यास क जीवनसत्त्वाची सोबत लागते. ती सोबत बागेत लटकलेली आहे! अंबिया आणि मृग अशा दोन बहारांमुळे या पट्ट्यात वर्षाचे बरेच महिने संत्रे मिळते. एकदोन संत्र्यांत मुलाची क जीवनसत्त्वाची दिवसाची गरज भागते. संत्रे नसेल तेव्हा पेरू आणि आवळा त्याहून सरस आहेत. उत्तम माल गाडीत भरून बाजारी जातो आणि घरचे मूल डब्यातील नारिंगी पूड पिते, असे घडू नये. ब-१२ मात्र शेतात पिकत नाही; ते दूध, दही, अंडी, मासे, मांस यांतूनच येते. जी घरे अंडे खात नाहीत त्यांनी दूध-दह्यात हात आखडू नये, आणि तरीही कमतरता निघाली तर ब-१२ ची गोळी घेण्यात संकोच करू नये. ड जीवनसत्त्वासाठी अंगावर थोडे ऊन घेणे, हा व्हिएन्नाने शिकविलेला उपाय येथे बाराही महिने फुकट आहे.

ज्या मुलाचा वास हरपला आहे किंवा विपरीत झाला आहे, त्याच्या ताटाचा विचार वेगळा करावा लागतो. अशा मुलास फोडणीचा कांदा, लसूण, तळण, अंडे यांचा वास सडक्यासारखा येतो आणि ते जेवण टाळते. घरचे त्यास हट्टी समजतात. त्यास दही-भात, थंड झालेली खिचडी, दूध-पोळी, फळे असे सौम्य वासाचे, कोमट अन्न थोडे थोडे द्यावे. लवंग, लिंबाची किंवा संत्र्याची साल अशा ओळखीच्या वस्तू दिवसातून दोन वेळा काही सेकंद हुंगवून तो वास आठवावयास लावणे, हा जर्मनीत विकसित झालेला सराव निर्धोक आहे; त्यास महिने लागतात, पण खर्च लागत नाही.

आणि मोडलेल्या मोटेचे काय? उणीव भरली, आहार सुधारला, तरीही काही मुले थकलेलीच राहतात. श्रमानंतर एकदोन दिवसांनी सर्वांग गळून जाणे, ही त्यांची खूण. त्यांना 'व्यायाम कर म्हणजे ताकद येईल' असे म्हणून मैदानात लोटणे उलटे पडते. दिवसाची शक्ती ही महिन्याच्या पगारासारखी पुरवून वापरावी लागते. बरे वाटले तरी सगळी एका दिवसात उधळू नये, विसावा आधीच नेमलेला असावा. शाळेने अशा मुलास प्रारंभी अर्धा दिवस, खेळाच्या तासाची सूट, गृहपाठात सवलत आणि पेपरला जास्त वेळ दिला तर त्याचे वर्ष वाया जात नाही. हे देण्यास कोणत्याही दुकानाची आवश्यकता नाही. मुलावर विश्वास असला म्हणजे पुरे. छातीत दुखणे, चक्कर येऊन पडणे, बसल्या जागी धाप लागणे किंवा वजन घटत जाणे यांपैकी काही असेल, तर मात्र थांबू नये. मुलास थेट मोठ्या रुग्णालयात न्यावे.

आई बाटली मागते तेव्हा ती वस्तुतः तीन गोष्टी मागत असते: आपल्या मुलाचे दुखणे खरे आहे अशी कोणी तरी ग्वाही द्यावी, ते बरे होईल असा धीर द्यावा, आणि आपल्या हातून काही तरी करवून घ्यावे. बाटली या तिन्ही गोष्टी विकते, पण त्यांपैकी एकही देत नाही. तपासणी झाली तर उणीव कळते. उणीव कळली तर मोजून-मापून, ठरावीक दिवस पौष्टिक देता येते. आणि ती नसेल तर तोच पैसा दूध, डाळ, अंडी आणि फळे यांवर खर्ची पडतो. एका महागड्या बाटलीच्या किमतीत कित्येक दिवसांचे दूध येते, हा हिशेब गरीब घरास कोणी शिकवावयास नको. त्याला खात्रीने सांगणारा माणूस मात्र हवा असतो. गावातील आशा कार्यकर्ती, अंगणवाडी सेविका, शाळेचे मास्तर आणि खुद्द औषध-दुकानदार यांपैकी एकाने जरी 'आधी रक्त तपासा, मग बाटलीचे पाहू' एवढे वाक्य आईला सांगितले, तर त्या थकलेल्या मुलाचे निम्मे काम झाले. उरलेले निम्मे काळ करील, घरचे जेवण करील, आणि त्याला बहाणेखोर न म्हणणारी माणसे करतील.